हैतीकाकांच्या कॅसेटी

आमचे ब्रुकलिनचे जुने घरमालक २०२५ च्या ऑक्टोबरात गेले. वय ८४. मूळचे हैतीचे, म्हणून मी आणि बायको आपसात त्यांना 'हैतीकाका' म्हणायचो. तोंडावर अर्थातच 'मिस्टर' आणि पुढे आडनाव. २००२ ते २०११ अशी नऊ वर्षं आम्ही फ्लॅटबुशमधल्या त्यांच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहिलो. नंतर न्यू जर्सीत आलो, पण येणंजाणं सुटलं नाही.

ते गेल्यावर त्यांच्या थोरल्या मुलीने मला एक खोकं दिलं. (तिला आम्ही 'ताई' म्हणतो. वयाने मोठी आहे, आणि या शब्दाचा अर्थ तिला केव्हाच सांगून ठेवलाय.) खोक्यात ४१ ऑडिओ कॅसेटी. म्हणाली, "तू कॉम्प्युटरवाला आहेस, यांचं काहीतरी कर." त्यानंतरचे बरेच वीकेंड त्यातच गेले. आज त्याबद्दलच लिहितो. जरा लांबण लागेल, पण इलाज नाही.

आधी हैतीबद्दल थोडं. कॅरिबियन बेटं म्हटली की आपल्या डोक्यात लॉइड, रिचर्ड्स, लारा. हैतीत क्रिकेट नाही. फ्रेंचांची वसाहत, त्यामुळे सगळा जीव फुटबॉलमध्ये. १९७४ च्या वर्ल्ड कपमध्ये इटलीचा गोलकीपर दिनो झोफ याच्यावर आंतरराष्ट्रीय सामन्यांत तब्बल ११४२ मिनिटं कुणीही गोल केला नव्हता. तो केला हैतीच्या सानोंने. काका भाड्याचा चेक घेता घेता हा गोल सांगायचे. हैती ती मॅच ३-१ ने हरली हे मात्र मला पुढे दुसरीकडून कळलं! काका गेल्यावर महिन्याभरात, १८ नोव्हेंबर २०२५ ला, हैतीची टीम २०२६ च्या वर्ल्ड कपसाठी पात्र ठरली. १९७४ नंतर पहिल्यांदाच. ताईचा त्या रात्री फोन आला, आणि बराच वेळ दोघंही नुसतेच "अरेरे, एक महिना" म्हणत राहिलो.

दुसरी गोष्ट १८०४ ची. हा देश गुलामांनी १७९१ ला बंड करून, नेपोलियनच्या फौजेला हरवून उभा केला. पुढे १८२५ मध्ये फ्रान्सने युद्धनौका पाठवून मळेवाल्यांच्या नुकसानभरपाईपोटी १५ कोटी फ्रँक मागितले. १८३८ मध्ये ती रक्कम ९ कोटींवर आली, पण त्यासाठी काढलेल्या कर्जांचं ओझं विसाव्या शतकापर्यंत पुरलं. मळेवाल्यांच्या 'मालमत्तेत' गुलामही धरलेले होते. काका टॅक्सीवाले, हिशेबाला पक्के. ते म्हणायचे, "आम्ही आमचीच किंमत मोजली, तीसुद्धा हप्त्याने."

काकांचं गाव लेओगान. राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सपासून पश्चिमेला साधारण ३० किलोमीटर. उसाचा मुलूख. त्यांचे वडील थोडा ऊस लावायचे आणि सुतारकाम करायचे. काका गावातल्या शाळेत मदतनीस मास्तर होते. तेव्हा फ्रान्स्वा दुव्हालिए याची राजवट होती, १९५७ पासून १९७१ पर्यंत. त्याच्या खाजगी फौजेला लोक 'तोंतों माकूत' म्हणत. तोंतों म्हणजे काका आणि माकूत म्हणजे गवती झोळी. त्रास देणाऱ्या पोरांना झोळीत घालून नेणारा लोककथेतला बुवा. आपल्याकडे नाही का, "झोप, नाहीतर बुवा येईल आणि पोत्यात घालून नेईल"? तोच हा बुवा. फरक इतकाच की याच्याकडे बंदूक होती आणि नेलेली माणसं बहुतेक वेळा परत यायची नाहीत. शाळेतल्या एका मास्तरांना असंच एका रात्री नेलं. काका त्यावर चारचौघांत एक वाक्य बोलले. काय बोलले ते त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही, पण तीन आठवड्यांत ते टुरिस्ट व्हिसावर न्यूयॉर्कला पोचले होते. साल १९७१, वय ३०. मागे बायको, दोन वर्षांची मुलगी म्हणजे आमची ताई, आणि वडील.

१९७४ मध्ये बायको आली. ताईला कागदपत्रं पुरी व्हायची वाट बघत आजोबांकडेच ठेवलं. ती आली १९७९ मध्ये, दहा वर्षांची होऊन. मधल्या आठ वर्षांत तिने बापाला पाहिलं नाही. ऐकलं, कॅसेटवर.

कॅसेटच का? तर हैतीत सगळे बोलतात क्रिओल, पण शाळा फ्रेंचमध्ये. (क्रिओलला राजभाषेचा दर्जा मिळाला तो १९८७ च्या राज्यघटनेत.) आजोबांना फ्रेंच येत नव्हतं. पत्र पाठवायचं तर कुणाकडून तरी फ्रेंचमध्ये लिहून घ्या, आलेलं कुणाकडून तरी वाचून घ्या, म्हणजे घरातल्या गोष्टी गावभर. त्यापेक्षा टेपरेकॉर्डरपुढे बसा आणि बोला. गावी जाणाऱ्या कुणाच्या तरी हाती कॅसेट, सोबत नोटांचं पाकीट आणि कपडेबूट. उलट कॅसेट यायची तीही अशीच. तिकडच्या हजारो घरांचा टपालाचा धंदा वर्षानुवर्षं असा चालला.

आम्हा कोकणातल्या लोकांना यात नवल वाटू नये. माझे आजोबा परळला गिरणीत होते. गावी मनीऑर्डर यायची आणि स्वतः ते यायचे गणपतीला. माझे वडील सांगतात, "मला बाबा म्हणजे मनीऑर्डरच्या फॉर्मखालच्या चार ओळी." समुद्र आणि भाषा बदलली, एवढंच.

ब्रुकलिनमध्ये काकांनी आधी हॉटेलात भांडी घासली, मग हँडबॅगच्या कारखान्यात काम केलं आणि १९७७ पासून पुढची २६ वर्षं टॅक्सी चालवली. संध्याकाळी पाच ते पहाटे पाच. मुलं शाळेतून आली की हे निघायचे, मुलं उठायच्या वेळी हे झोपलेले. रविवारी चर्च, आणि चर्चमधून आल्यावर पुन्हा झोप. ताई म्हणते, "माझ्या डोळ्यांपुढे बाप म्हणजे बंद दार आणि आई ओठावर बोट ठेवून उभी." बोलणं कमी, शिस्त कडक. मार्क्स कमी पडले की नुसते बघायचे.

त्यात १९८३ साल आलं. एड्स नवा होता, कुणाला काही कळत नव्हतं. अमेरिकन आरोग्य खात्याने धोक्याच्या गटांच्या यादीत हैतीचे लोक सरसकट घातले. आजार किंवा सवय यावरून केलेल्या यादीत एक अख्खा देश! १९८५ मध्ये नाव काढलं, पण काढल्याची बातमी टॅक्सीत बसणाऱ्यापर्यंत कुठे पोचते? लायसन्सवरचं फ्रेंच नाव वाचून लोक "तू कुठला?" विचारायचे आणि उतरून जायचे. काका "मार्टिनिकचा" असं सांगत नसत. "हैतीचा" सांगत आणि मीटर बंद करत. १९९० मध्ये पुन्हा हैतीच्या लोकांनी रक्तदान करू नये असा नियम निघाला. तेव्हा २० एप्रिलला हजारो लोक ब्रुकलिन ब्रिजवरून मोर्चा घेऊन मॅनहॅटनमध्ये गेले. काकांनी त्या दिवशी टॅक्सी काढली नाही. ताई नर्सिंग शिकत होती, तिला म्हणाले, "चल." अख्खा दिवस बापाबरोबर चालण्याची तिची ती पहिली वेळ. त्या वर्षअखेर नियम मागे घेतला गेला.

घराची गोष्ट तर सांगायलाच हवी. हैतीच्या लोकांत 'सोल' नावाचा प्रकार असतो. दहा-बारा जण दर आठवड्याला ठरावीक रक्कम टाकतात आणि पाळीपाळीने एकेकाला सगळी मिळते. कागद नाही, सही नाही, फक्त शब्द. मला समजावून सांगायला लागले तेव्हा मी म्हटलं, "काका, ही तर आमची भिशी!" मग अर्धा तास मला भिशीचे नियम विचारत बसले, विशेषतः कुणी पळून गेला तर काय करता ते. सोलच्या पैशांतून डाउन पेमेंट भरून त्यांनी १९८८ मध्ये हे दुमजली घर घेतलं. बरोबरीचे टॅक्सीवाले तेव्हा मेडॅलियन घ्या म्हणत होते. मेडॅलियन म्हणजे पिवळ्या टॅक्सीचा परवाना, जो विकत मिळतो. काका म्हणाले, "पत्र्याच्या तुकड्यात झोपता येत नाही." त्या परवान्याची किंमत चढत चढत २०१४ च्या सुमारास दहा लाख डॉलर्सवर गेली आणि उबरनंतर काही वर्षांत दोन लाखांच्याही खाली आली. कर्ज काढून परवाना घेतलेले कितीतरी टॅक्सीवाले, त्यात हैतीचे आले तसे आपल्याकडचेही, देशोधडीला लागले. काही जणांनी २०१८ मध्ये जीव दिले. त्यातले दोघं काकांच्या ओळखीचे होते. काका त्या वर्षी मेडॅलियनबद्दल एक अक्षर बोलले नाहीत.

आम्ही ज्या काकांना ओळखत होतो ते मात्र वेगळेच गृहस्थ होते. २००३ मध्ये टॅक्सी सोडली आणि त्याच सुमारास नातवंडं आली. दुपारी खालून आवाज यायचा, "क्रिक?" आणि पोरं किंचाळायची, "क्राक!" हैतीत गोष्ट सांगायची ही रीत. सांगणारा विचारतो, ऐकणारे तयार असल्याचं सांगतात. गोष्टी दोघांच्या: खादाड भोळा बुकी आणि लबाड मालिस. बुकी हा शब्द पश्चिम आफ्रिकेतल्या वोलोफ भाषेतला, अर्थ तरस. म्हणजे जहाजातून साखळ्यांनी बांधून आणलेल्या माणसांबरोबर तरससुद्धा अटलांटिक ओलांडून आला. काका बुकी झाले की जमिनीवर लोळायचे. सत्तरीच्या घरातले. माझी मुलगी क्रिओलचा एक शब्द न कळता तिथे जाऊन बसायची आणि "क्राक" ओरडायची.

१ जानेवारीला 'सूप जुमू' करायचे, लाल भोपळ्याचं. गुलामगिरीत हे सूप रांधणारे गुलाम आणि पिणारे मालक, म्हणून स्वातंत्र्याच्या दिवशी ते सगळ्यांनी प्यायचं. (२०२१ मध्ये युनेस्कोने आपल्या यादीत घेतलं.) माझी आई आली होती तेव्हा तिच्यासाठी बीफ न घातलेलं वेगळं पातेलं चढवलं आणि झाकणावर पेन्सिलीने 'मदर' लिहिलेली चिठ्ठी लावली. आई पिऊन म्हणाली, "बरंय, पण जिऱ्याची फोडणी हवी होती."

ताई हे सगळं दारात उभी राहून बघायची. एकदा माझ्या बायकोला म्हणाली, "हा माणूस कोण आहे? मला तर हा कधी भेटला नाही." रागाने म्हणाली नाही, पण गंमतीतही नाही. नातवंडांना मिळाला तो वेळ तिच्या वाट्याचा होता, आणि तो मागायचा कुणाकडे?

तर आता कॅसेटी. कॅसेट डिजिटाइझ करायला शॉर्टकट नाही. साठ मिनिटांच्या कॅसेटला साठ मिनिटंच लागतात. जुना डेक, लाइन-इन, ऑडॅसिटी, वेव्ह फाइल. काही कॅसेटींचा फेल्टचा तुकडा गळून पडलेला, तो दुसऱ्या कॅसेटमधला काढून बसवला. मोठा घोळ वेगाचा. आजोबांचा टेपरेकॉर्डर बॅटरीवर चालायचा. बॅटरी उतरली की टेप हळू फिरते आणि आपण नीट वेगाने वाजवली की आवाज मिकी माउसचा. भारनियमनापासून सुटका नसलेल्या गावात बॅटरी बरेचदा उतरलेलीच. सॉफ्टवेअरला काय माहीत मूळ आवाज कसा होता? म्हणून ताईला शेजारी बसवलं. मी वेग कमी करत गेलो, ती "अजून, अजून" म्हणत गेली, आणि मग म्हणाली, "थांब. हे आजोबा." १९८४ मध्ये वारलेला माणूस. मी एक स्पीच-टू-टेक्स्ट मॉडेलही चालवून पाहिलं, पण त्याने अर्धं क्रिओल फ्रेंच समजून भलतंच काही लिहिलं. त्यामुळे अर्थ सांगायला ताईच.

अर्थ म्हणाल तर सगळा हिशेब. आधी पाच मिनिटं कोणाकोणाचे नमस्कार. मग आलेले ४० डॉलर्स कुठे गेले: शाळेची फी एवढी, पत्रे एवढे, डॉक्टर एवढा. मग कोण वारलं, पाऊस किती. आणि शेवटी, "पोरगी इथे उभी आहे, बोल गं." त्यानंतर नुसती शांतता, कोंबडा, लांबवर कुणीतरी लाकूड तोडतंय. पोरगी काही बोलत नाही. आजोबा सांगतात, "लाजते. पण उंच झालीय." ताई हे ऐकून म्हणाली, "लाजत नव्हते, चिडले होते."

या सगळ्या आजोबांकडून आलेल्या कॅसेटी. काकांनी तिकडे पाठवलेल्या कुठे आहेत? कुठेच नाहीत. कोरी कॅसेट महाग, म्हणून काकांची ऐकून झाली की तिच्यावरच उत्तर रेकॉर्ड करायचं आणि तीच परत पाठवायची. प्रत्येक उत्तराने आधीचं बोलणं पुसलं.

पण अगदी पुरतं नाही. मी सवयीने कॅसेट शेवटपर्यंत चालू ठेवतो, बोलणं संपलं तरी. सातव्या कॅसेटवर आजोबांनी निरोप घेतला, खट्ट असा बटणाचा आवाज आला, आणि पाठोपाठ मधल्याच वाक्यापासून एक तरुण माणूस बोलायला लागला. मागे विजेची बारीक गुणगुण आणि रस्त्यावरचा सायरन. आजोबांचं उत्तर जिथे काकांच्या बोलण्यापेक्षा लहान, तिथे काकांच्या बोलण्याची शेपटी शिल्लक राहिलेली! अशा १७ निघाल्या. कुठे चाळीस सेकंद, कुठे सहा मिनिटं. ताईला तो आवाज ओळखायला मला वेग बदलावा लागला नाही.

त्यातली एक सांगतो, तिच्या परवानगीने. ताईच्या लहानपणी न्यूयॉर्कहून बूट यायचे आणि दर वेळी मोठे असायचे. पुढे कापूस कोंबून ती शाळेत जायची, पोरं हसायची. बापाला आपल्या पायाचं मापसुद्धा माहीत नाही, हे तिने तेव्हा मनात पक्कं केलं आणि पुढे पन्नास वर्षं ते तसंच राहिलं. त्या शेपटीत काका वडिलांना सांगतायत: दोऱ्याचं माप मिळालं. त्या मापाचा बूट घेत नाही, एक नंबर मोठा घेतो. कोण गावी जाणार, कधी जाणार काही ठरलेलं नाही, पोचेपर्यंत पाय वाढलेला असेल. दोरा इथे भिंतीला लावून ठेवलाय. पुढचा पाठवाल तो त्याच्या शेजारी लावीन म्हणजे किती वाढली ते दिसेल.

मग टेप संपते.

ताईने हेडफोन काढले आणि उठून खिडकीपाशी गेली. थोड्या वेळाने म्हणाली, "पण मोठेच होते रे ते बूट." मी हो म्हटलं.

मला वाटतं ती बरोबर बोलली. दोरा खरा आणि कापूसही खरा. टेप ऐकून आठ वर्षं परत मिळत नाहीत, आणि बंद दाराआडच्या माणसाचा बुकी होत नाही. एवढंच झालं की तिच्याकडे आता दोन गोष्टी आहेत, आधी एक होती.

शेवटचा भाग गावाचा. दुव्हालिए गेला, त्याचा मुलगा गादीवर आला आणि ७ फेब्रुवारी १९८६ ला देश सोडून पळाला. तोवर काका भीतीपोटी गावी गेले नाहीत, त्यामुळे १९८४ ला वडिलांच्या मातीला ते नव्हते. १९८६ च्या उन्हाळ्यात जाऊन त्यांनी वडिलांसाठी सिमेंटची पक्की कबर बांधली, शेजारी स्वतःसाठी जागा ठेवून. तिकडे घराच्या आवारातच पूर्वजांच्या कबरी असतात. १२ जानेवारी २०१० चा भूकंप झाला त्याचं केंद्र लेओगानजवळच. गावातल्या बहुतेक इमारती पडल्या. काका तीन दिवस फोनचं एकच बटण दाबत खुर्चीत बसलेले मी पाहिले आहेत. भाऊ वाचला, घर गेलं, कबरीला तडा गेला. पैसे पाठवून कबर दुरुस्त करून घेतली.

तिथे त्यांना नेता आलं नाही. राजधानीतून दक्षिणेकडे जाणारा रस्ता २०२१ पासून टोळ्यांच्या ताब्यात, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये विमानांवर गोळीबार झाल्यावर अमेरिकेहून पोर्ट-ओ-प्रिन्सची विमानसेवा बंद झाली. त्यांना न्यूयॉर्कमध्येच पुरलं. बाप आणि मुलगा, दोघांच्याही मातीला मधला समुद्र आडवा आला.

मागच्या रविवारी ताईने त्या १७ शेपट्या जोडून एक फाइल करायला सांगितली आणि व्हॉट्सअ‍ॅपवर लेओगानला चुलतभावाला पाठवली. त्याने ती कबरीजवळ उभं राहून, आवाज मोठा करून लावली म्हणे. उत्तरादाखल व्हॉइस मेसेज आला. आधी सगळ्यांचे नमस्कार, मग आलेल्या पैशांचा हिशेब.

अजून सहा कॅसेटी बाकी आहेत. तुमच्या घरी जुन्या कॅसेटी असतील तर एवढंच करा: बोलणं संपलं म्हणून बंद करू नका. दोन्ही बाजू शेवटपर्यंत चालू द्या.